नोकरी मिळते दाखल्यावर, टिकते हातावर

लेखक : ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



दर अंकात या पानावर आपण लागण, खोडवा, खते आणि पाणी यांविषयी बोलत असतो. या खेपेस विषय थोडा निराळा घेतला आहे, आणि तो घ्यावयास आपणच भाग पाडले आहे. गट कार्यालयात सभासद येतात ते मुख्यतः दोन कामांसाठी. एक, ऊसतोडीची तारीख विचारावयास. दुसरे, "साहेब, पोरगं पदवीधर झालंय, कारखान्यात कुठं तरी चिकटवा की," असे सांगावयास. पहिल्या प्रश्नाचे उत्तर नोंदवहीत सापडते. दुसऱ्याचे कुठल्याही वहीत सापडत नाही, आणि "बघू, अर्ज देऊन ठेवा" असे म्हणून कोणाला परत पाठवणे हे काही उत्तर नव्हे. म्हणून हा लेख.

आधी हिशेब मांडू

शेतकऱ्याने हिशेबाला भिऊ नये. आजोबांच्या नावावर दहा एकर होते. दोघा भावांत वाटणी होऊन बापाच्या वाट्याला पाच आले. आता घरात दोन मुलगे आहेत, म्हणजे प्रत्येकी अडीच. मुलीचा कायदेशीर हिस्सा धरला तर त्याहून कमी. अडीच एकर उसावर एक कुटुंब कसेबसे उभे राहील, परंतु शिक्षण, आजारपण आणि लग्नकार्य हे सारे त्यावर निघणार नाही. तेव्हा घरातल्या एकाने तरी शेताबाहेर चार पैसे मिळवले पाहिजेत, हे सर्वांना पटलेले आहे. त्यात वाद नाही.

दुसरी बाजू कारखान्याची. कारखान्यात किती माणसे लागतात हे आकृतिबंधाने ठरते. सभासद किती आहेत यावरून ते ठरत नाही. सभासद हजारोंनी आणि जागा शेकड्यांनी. त्यातल्या पुष्कळ जागा हंगामी. पूर्वी हंगाम पाच-सहा महिने चालत असे. अलीकडच्या काही हंगामांत राज्यातल्या अनेक कारखान्यांचे गाळप शंभर दिवसांच्या आतबाहेर आटोपले. हंगाम आखडला की हंगामी कामगाराची मिळकतही आखडते. बिनहंगामात रिटेन्शनवर घर चालत नाही, हे ज्याच्या घरी हंगामी कामगार आहे त्याला सांगावयास नको.

म्हणजे प्रश्न असा उरतो: मस्टरवर नाव लागणे एवढेच ध्येय धरावे, की मस्टर असो वा नसो, ज्याला काम शोधत येईल असा माणूस घरात तयार करावा? मी दुसऱ्या बाजूचा आहे. आणि त्यासाठी उदाहरण देणार आहे ते पुण्या-मुंबईचे नाही, परदेशाचे तर नाहीच. ते आहे गडचिरोलीच्या जंगलातले. नाव हेमलकसा.

हेमलकसा कुठे, काय

हेमलकसा हे गाव भामरागड तालुक्यात आहे. पामुलगौतम, पर्लकोटा आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडजवळ एकत्र येतात. पलीकडे छत्तीसगड. आजूबाजूला घनदाट अरण्य आणि त्यात माडिया गोंड आदिवासींची वस्ती. हा भाग पूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात होता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. आपल्याकडे पाऊस पडला की आपण आनंदतो. तिकडे त्या काळी पाऊस पडला की नद्या-नाले भरून रस्ता बंद होई आणि बाहेरच्या जगाशी संबंध तुटे.

कुष्ठरोग्यांसाठी वरोऱ्याचे आनंदवन उभारणाऱ्या बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढे तो सांभाळला त्यांचे धाकटे चिरंजीव डॉ. प्रकाश आमटे आणि सूनबाई डॉ. मंदाकिनी आमटे यांनी. प्रकाशराव नागपुरात शस्त्रक्रियेचे पुढचे शिक्षण घेत होते, मंदाताई भूलशास्त्रातल्या. दोघांनी शहरातली वाट सोडली आणि जंगलात झोपडी टाकली. २००८ साली या दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. हे सर्व आपण वाचलेले आहे, काहींनी त्यांच्यावरचा चित्रपटही पाहिला असेल. त्यांच्या त्यागाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. मला मात्र इथे दुसरीच गोष्ट दाखवावयाची आहे. ती म्हणजे त्यांनी आपल्या कामाला दिलेला आकार.

दाखला नागपूरचा, काम जंगलातले

विचार करून पाहा. डॉक्टरकीच्या दाखल्यावर काय लिहिलेले असते? रोग्याला तपासावे, औषध द्यावे. नागपूरच्या इस्पितळात रोगी रांगेत उभा असतो, हाताशी परिचारिका असते, दिवा असतो, तपासणीची यंत्रे असतात, आणि रोग्याची भाषा डॉक्टरला कळते. हेमलकशात यांपैकी काहीच नव्हते. वीज कित्येक वर्षे आली नाही. रात्री-बेरात्री कंदिलाच्या आणि बॅटरीच्या उजेडात शस्त्रक्रिया करावी लागे. तज्ज्ञ डॉक्टरकडे पाठवावे तर वाहन नाही, रस्ता नाही. मुख्य म्हणजे सुरुवातीस रोगीच येत नव्हते. शर्ट-पँट घातलेला माणूस दिसला की लोक जंगलात पळून जात, कारण बाहेरून आलेल्या माणसाचा त्यांना आलेला अनुभव चांगला नव्हता.

अशा वेळी "मी एवढेच शिकलो आहे, बाकीचे माझे काम नाही" असे म्हणून चालले असते का? म्हणणारा पंधरा दिवसांत परत गेला असता. या दोघांनी काय केले ते पाहू.

पहिली गोष्ट, भाषा. माडिया भाषेला लिपी नाही, तिचे पुस्तक त्या वेळी मिळणार कुठून? बोटाने वस्तू दाखवायची, समोरचा काय म्हणतो ते ऐकायचे, लक्षात ठेवायचे. असे करीत ती बोली त्यांनी अवगत केली. पोटात कुठे दुखते हे विचारता आले नाही तर डॉक्टरच्या पदवीचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट, पोशाख. लोकांच्या अंगावर जेमतेम वस्त्र आणि आपण इस्त्रीचे कपडे घालून फिरावे, हे अंतर नको म्हणून डॉक्टरांनी बनियन आणि अर्धी पँट हाच कायमचा वेष केला. ही केवळ साधेपणाची हौस नव्हती. विश्वास मिळवण्याचा तो एक भाग होता.

तिसरी गोष्ट, प्रत्यक्ष काम. सुरुवातीला दवाखान्यात जे रोगी आले ते गावातल्या वैदूने आणि मांत्रिकाने हात टेकलेले. फेपरे येऊन जळत्या विस्तवात पडलेला एक गंभीर भाजलेला रोगी त्यांत होता. तो बरा होऊन चालत आपल्या गावी गेला, आणि त्यानंतर माणसे येऊ लागली. मग अस्वलाने चेहरा फाडलेला माणूस, मोडलेले हाड, अडलेली बाळंतीण, मेंदूत गेलेला हिवताप, सर्पदंश, क्षय, जे येईल ते. प्रत्येकाला वेगळा तज्ज्ञ लागतो. इथे तज्ज्ञ म्हणजे हेच दोघे. जे येत नव्हते ते पुस्तक उघडून, जाणत्याला विचारून आणि रोग्याच्या उशाशी बसून शिकले.

पुढे काम वाढत गेले. शिकाऱ्यांनी मारलेल्या माकडिणीच्या अंगाला तिचे जिवंत पिल्लू चिकटलेले डॉक्टरांनी पाहिले आणि ते मागून घेतले. त्यातून अनाथ वन्यप्राण्यांचा सांभाळ सुरू झाला. १९७६ मध्ये निवासी आश्रमशाळा निघाली, कारण नुसते औषध देऊन भागत नाही हे दिसू लागले होते. मुलांना मराठी येत नव्हती, म्हणजे शिकवणाऱ्याला आधी माडिया शिकणे भाग. पुस्तकाच्या जोडीने शेती आणि भाजीपाला लावण्याचेही शिक्षण चालू झाले. त्याच शाळेत अक्षर गिरवलेली मुले पुढे डॉक्टर झाली, वकील झाली, शिक्षक झाली, सरकारी नोकरीत गेली. मॅगसेसे पुरस्काराच्या वेळी तिथला दवाखाना पन्नास खाटांचा झालेला होता आणि वर्षाकाठी सुमारे ४०,००० रोग्यांवर उपचार होत होते. आता पुढची पिढी, डॉ. दिगंत, डॉ. अनघा आणि अनिकेत आमटे, तो व्याप पाहात आहे.

कामाला आकार देणे म्हणजे काय

अमेरिकेतल्या एमी रेझनेस्की आणि जेन डटन या दोन अभ्यासक बाईंनी २००१ मध्ये याच विषयावर एक निबंध लिहिला. त्यांनी एका इस्पितळातल्या सफाई कामगारांशी बोलून पाहिले होते. काम एकच, पगार एकच, परंतु काही कामगार फक्त फरशी पुसून जात, आणि काही जण रोग्याला काय हवे-नको ते पाहात, नातेवाइकांना वाट दाखवत, परिचारिकेच्या कामाला सोयीचे होईल अशा वेळी सफाई करीत. दुसऱ्या प्रकारच्या कामगारांना आपले काम महत्त्वाचे वाटत होते आणि ते करण्यात गोडीही वाटत होती. माणूस आपल्या कामाला तीन ठिकाणी आकार देऊ शकतो असे त्या सांगतात. आपल्या भाषेत ते असे मांडता येईल.

एक, काम काय करतो यात भर घालणे. हेमलकशाचा डॉक्टर हाडवैद्यही झाला, पशुवैद्यही झाला आणि शाळाही चालवू लागला.

दोन, काम कोणाबरोबर आणि कसे करतो यात बदल करणे. बोली शिकणे आणि वेष बदलणे हे यात आले.

तीन, आपले काम कशासाठी आहे हे समजून घेणे. गोळी देणे हे काम नव्हे, माणूस पायांवर चालत घरी जाणे हे काम, असे एकदा ठरले की पुढचे आपोआप सुचते.

कोणी म्हणेल, "साहेब, ते ध्येयवादी लोक. आम्ही पोटासाठी नोकरी मागतो. आम्हाला हे कशाला?" शंका रास्त आहे. परंतु ध्येय बाजूला ठेवून नुसत्या पोटाच्या दृष्टीने पाहिले तरी हिशेब तोच निघतो. ज्याला एकच काम येते त्याचे ते काम गेले की तो गेला. ज्याला तीन कामे येतात त्याचे एक गेले तरी दोन उरतात. आणि ज्याला नवे काम शिकता येते, त्याला घालवणे कोणत्याच मालकाला परवडत नाही.

गडचिरोलीतलीच आणखी दोन उदाहरणे

ही शिकलेल्या डॉक्टरांचीच गोष्ट आहे असे कोणी समजू नये.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था चालवली आहे. लहान बाळाला न्यूमोनिया झाला आहे का, हे श्वास मोजून कळते. परंतु गावातल्या सुईणीला डझनापलीकडे मोजता येत नव्हते आणि घड्याळ वाचता येत नव्हते. "निरक्षर बाईला हे जमणार नाही" असे म्हणून विषय संपवता आला असता. बंग यांनी काय केले? एक मिनिटाची वाळूची घडी आणि शेजारी मणी, असे साधे उपकरण तयार केले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरावीक मणी सरकले तर बाळ आजारी. सुईणीला ते जमू लागले. पुढे गावोगावच्या बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचे काम ३९ गावांत झाले. ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्या तुलनेत नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. २०११ मध्ये ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशाच्या आरोग्य कार्यक्रमात घेतली गेली. गावातल्या साध्या बायकांनी जे कौशल्य मिळवले, त्याची ही किंमत.

दुसरे उदाहरण धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाचे. या गोंड गावाच्या ग्रामसभेला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. पिढ्यान्‌पिढ्या जे मजूर म्हणून बांबू तोडत होते, त्यांना आता मोजदाद, वाहतूक पास, व्यापाऱ्याशी करार, बँकखाते आणि हिशेबतपासणी हे सारे करावे लागले. हे त्यांना एका रात्रीत आले नाही. देवाजी तोफा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक वर्षे अभ्यासगट चालवले होते. कायदा वाचायचा, समजून घ्यायचा, मग निर्णय करायचा अशी सवय लावली होती. हक्क हाती आला त्या दिवशी तो वापरण्याची तयारी झालेली होती. संधी आल्यावर शिकू, असे म्हणणाऱ्याची संधी दुसरा घेऊन जातो.

कौशल्याचेही बेणे बदलावे लागते

आता आपल्या घरच्या भाषेत बोलू. को ४१९ गेली, को ७४० आली. को ७४० ने आपल्या बापजाद्यांची घरे बांधली, मुलींची लग्ने केली. पुढे ती काणीला बळी पडू लागली, तरी "आमच्या बापाने हीच लावली" म्हणून काहींनी ती सोडली नाही. १९९६ मध्ये को ८६०३२ आली, २००७ मध्ये फुले २६५ आली. जाती बदलत राहिल्या. आणि जात तीच ठेवली तरी दर तीन-चार वर्षांनी बेणे बदलावे लागते, नाही तर उतार घटतो, हे आम्ही शेतकी विभागाचे लोक घसा कोरडा होईस्तोवर सांगतो.

कौशल्याचे तसेच आहे. पदवी ही लागण होय. एकदा केली म्हणजे संपले असे नाही. त्यानंतरच्या खोडव्याला बुडखे छाटणे, पाचट न जाळता कुजवणे, वेळेवर खत देणे हे केले तर खोडवाही लागणीला मागे टाकतो. न केले तर नुसत्या काड्या. पदवी घेऊन पाच वर्षे घरी बसलेला मुलगा हा दुर्लक्षित खोडवा आहे. दोष जमिनीचा नाही, व्यवस्थापनाचा आहे.

आपल्या कारखान्यातलेच पाहा. पूर्वी पॅनमन काचेवर नमुना घेऊन डोळ्यांनी दाणा ओळखत असे. आजही ती नजर लागतेच, परंतु समोर यंत्रणेचा पडदाही आहे आणि तो वाचता आला पाहिजे. पूर्वी चिटबॉय वहीत उसाची नोंद करी. आता ती मोबाइलवर होते आणि शेताच्या कडेने फिरून क्षेत्र मोजले जाते. साखर उद्योग आता एकट्या साखरेवर चालत नाही. सहवीजनिर्मिती आली, आसवनी आली. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले. शेतात तोडणी यंत्र आले आहे. त्याला चालक लागतो, त्याचे पाते, हायड्रॉलिक नळ्या दुरुस्त करणारा लागतो. म्हणजे काही कामे कमी झाली, काही नवी उभी राहिली. नव्या कामांना माणूस बाहेरून आणावा लागतो आणि आपली मुले दाराशी अर्ज घेऊन उभी, ही गोष्ट मनाला लागते. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

शेतकी खात्याचे कामही असेच बदलले. आमच्या पदविकेत ठिबकच्या पाण्यात विरघळणाऱ्या खतांचे वेळापत्रक, ऊतिसंवर्धित रोपे, मोबाइलवरचा हवामान सल्ला यांतले फारसे काही नव्हते. हे सारे नोकरीत आल्यावर शिकावे लागले, आणि अजून शिकणे चालूच आहे. प्रगतिशील सभासद कधी कधी आमच्या पुढे असतात, तेव्हा त्यांच्याकडूनही शिकतो. त्यात कमीपणा कसला?

घरोघरी करावयाच्या गोष्टी

उपदेश पुरे झाला. आता करावयाचे काय, ते क्रमाने देतो.

१. घरातल्या मुला-मुलीला काय काय येते ते एका कागदावर लिहा. दाखले नव्हे, हातची कामे. मोटर खोलता येते का? ट्रॅक्टरची किरकोळ दुरुस्ती? हिशेब? टायपिंग? चार माणसांपुढे बोलणे? पुष्कळदा मुलाला स्वतःलाच ठाऊक नसते की आपल्याला किती येते. दर वर्षी पाडव्याला हा कागद काढा. त्यात एक ओळ वाढली नसेल तर वर्ष वाया गेले असे समजा.

२. एक मुख्य कौशल्य, एक जोड कौशल्य असे ठरवा. उसात आंतरपीक घेतो त्याप्रमाणे. वेल्डर असेल तर त्याने यंत्राचे नकाशे वाचावयास शिकावे. वायरमन असेल तर सौर पंपाचे काम शिकावे. बी.ए. झालेल्या मुलीने संगणकावर हिशेब ठेवणे शिकावे. सोसायटी, दूधसंस्था, खतविक्री केंद्र, सर्वांना अशी माणसे लागतात.

३. परवाना आणि परीक्षा यांना महत्त्व द्या. बॉयलर सांभाळणाऱ्याला सरकारी परीक्षेचे प्रथम किंवा द्वितीय वर्गाचे प्रमाणपत्र लागते. वायरमनला परवाना लागतो. अशी प्रमाणपत्रे एका कारखान्यापुरती नसतात. दुसरा कारखाना, कापडगिरणी, औषधांचा कारखाना, सर्वत्र चालतात. ज्याच्या खिशात असे प्रमाणपत्र आहे त्याला शिफारशीची चिठ्ठी लागत नाही.

४. शिकाऊ उमेदवारी कमी लेखू नका. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांना उमेदवार घ्यावे लागतात व त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. "विद्यावेतनावर कशाला राबायचं" असे मुलगा म्हणतो. त्याला सांगा, ते वर्ष पगाराचे नाही, हात बसण्याचे आहे.

५. वय झाले म्हणून शिक्षण संपले असे मानू नका. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी आहे. कामधंदा सांभाळून तिथे शिकता येते, कृषी शिक्षणक्रमही आहेत. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ऊस उत्पादकांसाठी 'ज्ञानयाग' आणि महिलांसाठी 'ज्ञानलक्ष्मी' ही प्रशिक्षणे होतात. आपल्या सुना आणि लेकींना अवश्य पाठवा. शेत त्याच पाहतात, मग ज्ञान नवऱ्यालाच का?

६. जे आधीच नोकरीत आहेत त्यांनी आपल्या कामाच्या आगेमागे काय चालते ते पाहावे. काट्यावरच्या माणसाने गव्हाणीत काय होते ते पाहावे. गव्हाणीवरच्याने मिलवर काय होते ते. शेतकी मदतनिसाने नुसती नोंद न करता सभासदाला माती परीक्षणाचा कागद वाचून दाखवावा. ऊस मागेपुढे झाला तर सभासदाला कारण नीट सांगावे. हीच ती कामात घातलेली भर. पगार लगेच वाढणार नाही, पण बढतीची जागा निघते तेव्हा साहेबांच्या तोंडी कोणाचे नाव प्रथम येते, ते आपण जाणताच.

७. मुलाला दोन-तीन भाषा येऊ द्या. मराठी आपली आहेच; हिंदी बोलता यावी, इंग्रजी वाचता यावी. यंत्राबरोबर येणारे माहितीपुस्तक बहुधा इंग्रजीत असते. माडिया शिकणाऱ्या डॉक्टरांपुढे लिपी नव्हती की पुस्तक नव्हते. आपल्यापुढे दोन्ही आहे.

सावधगिरीचे दोन शब्द

पहिला शब्द परवान्याविषयी. हेमलकशात पन्नास वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आपल्या शाखेबाहेरची कामे केली, ती दुसरा मार्गच नव्हता म्हणून, आणि ते स्वतः शिकलेले डॉक्टर होते. याचा अर्थ कोणीही कशालाही हात घालावा असा नाही. परवाना नसताना विजेच्या खांबावर चढणे, चालू मिलमध्ये हात घालणे, बॉयलरच्या झडपेशी खेळणे याला कौशल्य म्हणत नाहीत. शिकणे म्हणजे जाणत्याच्या नजरेखाली शिकणे.

दुसरा शब्द व्यवस्थापनासाठी आणि कामगारांसाठीही. माणूस कामात भर घालतो म्हणून त्याच्यावर तीन माणसांचे ओझे टाकावे, हे बरोबर नव्हे. जो वाढीव काम शिकला त्याची नोंद त्याच्या सेवापुस्तकात व्हावी, आणि काम कायमचे झाले तर त्याप्रमाणे दर्जा मिळावा. कामगारानेही आपण काय शिकलो, केव्हापासून काय करतो ते लेखी ठेवावे. गोडीगुलाबीने मागितलेला हक्क हा भांडणाचा विषय नसतो. कौशल्य वाढवल्याने जागा निर्माण होत नाहीत, हेही खरे आहे. अडीच एकरांचा प्रश्न एका लेखाने सुटणार नाही. परंतु ज्या जागा आहेत, आणि ज्या पंचक्रोशीत नव्याने निघत आहेत, त्यांवर आपल्या घरचे माणूस असावे की नसावे, एवढे आपल्या हाती आहे.

आणखी एक. ऊसतोडीस येणाऱ्या टोळ्यांबरोबर त्यांची मुले येतात. हंगामभर त्यांची शाळा बुडते. तोडणी यंत्रे वाढत गेली की पहिला धक्का त्या कुटुंबांना बसणार आहे. आपल्या फडावर टोळी असेल तर तिथली मुले जवळच्या शाळेत बसतील एवढे सभासदांनी पाहावे. आपल्या उसाची गोडी त्यांच्या कोयत्याने आली आहे, हे विसरू नये.

येत्या बिनहंगामात प्रत्येक गट कार्यालयात सभासदांच्या मुला-मुलींची हातच्या कामांची नोंद ठेवावी, आणि कोणाला कुठल्या परीक्षेची, शिकाऊ उमेदवारीची किंवा प्रशिक्षणाची माहिती हवी ते लिहून घ्यावे, असा शेतकी विभागाचा विचार आहे. येताना नुसता अर्ज आणू नका. वर सांगितलेला कागद भरून आणा, आणि मुलाला, मुलीला बरोबर आणा. बापाने बोलायचे आणि पोराने खाली मान घालून उभे राहायचे, हे आता पुरे. काम त्याला करावयाचे आहे, तर बोलू द्या त्यालाच.

पुढील अंकी नेहमीप्रमाणे खोडवा व्यवस्थापन.

आपला,
ऊस विकास अधिकारी